आमराईची सावली आणि मोटारीची कांती

लखनौहून हरदोईकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर गेले म्हणजे मलिहाबाद लागते. काकोरी मागे पडते न पडते तोच रस्त्याच्या दोन्ही अंगांना आमराया सुरू होतात आणि मग दृष्टी जाईल तेथवर आंब्याखेरीज दुसरे झाड अभावानेच दिसते. दशहरी आंब्याचे हे माहेरघर. काकोरीजवळच्या ज्या खेड्यावरून या आंब्याला नाव मिळाले, तेथे त्याचा मूळ वृक्ष म्हणून दाखविले जाणारे जुने झाड आजही उभे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये येथे मोहोर फुलतो आणि जून-जुलैत फळांची तोड होते. या हंगामांत बागा पाहावयास, सौदे करावयास, पेट्या न्यावयास मोटारींतून माणसे येतात. आणि ऊन तापू लागले की कोणताही शहाणा चालक जे करील तेच तेथेही करतो. तो मोटार आंब्याच्या गर्द सावलीत उभी करतो.

चारसहा तासांनी परत येऊन तो पाहतो, तो टपावर आणि बॉनेटवर बारीक बारीक चिकट थेंबांची पखरण झालेली असते. काचेवर बोट फिरवावे तर ते चिकटते. वर पाहावे तर आभाळ निरभ्र असते. मग हे पडले कोठून? हा चिकटा आंब्याच्या मोहोरावर आणि कोवळ्या पालवीवर राहणाऱ्या तुडतुड्यांचा असतो. काही मिलिमीटर लांबीचा हा पाचरीच्या आकाराचा किडा आपली सुईसारखी सोंड देठात खुपसून रस शोषतो. त्या रसात साखर पुष्कळ आणि शरीराला हवी असलेली इतर द्रव्ये थोडी असल्यामुळे त्याला गरजेपेक्षा कितीतरी अधिक रस प्यावा लागतो, आणि जादा साखरपाणी तो थेंबाथेंबाने बाहेर टाकीत असतो. देवगड-रत्नागिरीकडच्या हापूसच्या बागांतही हाच उपद्रव होतो. कोकणातला बागायतदार त्याला ‘खार पडली’ असे म्हणतो. या गोड थेंबांवर पुढे काळी काजळी बुरशी चढते आणि पाने धुराने माखल्यासारखी दिसू लागतात. जे पानावर घडते तेच खाली उभ्या असलेल्या मोटारीवरही घडते.

आता तो चालक काय करतो? डिकीतून एक कोरडे फडके काढतो आणि टप खसाखसा पुसू लागतो. झाडाने मोटारीचे जेवढे बिघडविले नसेल, तेवढे या एका पुसण्याने बिघडते. चिकटा साखरेचा असतो आणि साखर पाण्यात विरघळते. परंतु त्या चिकट्यात वाऱ्याने आणून रोवलेली जी धूळ असते ती विरघळत नाही. गंगेच्या मैदानातील धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण विपुल असतात. उन्हाळ्यात ‘लू’ वाहू लागली आणि आंधी उठली म्हणजे हीच धूळ घराघरांत शिरते. गारगोटी पोलादी चाकूच्या पात्यावरही चरा पाडू शकते. मग रंगाची काय कथा! कोरड्या फडक्याखाली असे हजारो कण सापडले म्हणजे ते फडके फडके राहत नाही, त्याचा सॅण्डपेपर होतो.

ज्याला मोटारीचा रंग म्हणून ओळखले जाते तो मुळात एक थर नसून थरांची उतरंड असते. पोलादी पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया, तिच्यावर विजेच्या साहाय्याने बसविलेला गंजरोधक लेप, त्यावर अस्तर, अस्तरावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक, चकचकीत लेप. या साऱ्यांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दीड कागदाएवढी भरते. त्यांतील वरचा पारदर्शक लेप अवघा ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहूनही बारीक. ऊन, पाऊस आणि आम्ल यांचा मारा हाच थर सोसतो. सूर्यकिरणांतील जंबुपार भाग शोषून घेणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. तो एकदा झिजला की पुन्हा वाढत नाही. माणसाच्या कातडीवरची खरचटलेली जागा भरून येते. मोटारीच्या कातडीला ती देणगी नाही. त्यामुळे रंगात रुतलेली घाण काढताना ती निघाली की नाही एवढेच पाहून चालत नाही. ती काढताना लेप किती खर्ची पडला हेही पाहावे लागते.

रंगावरची घाण दोन प्रकारची असते. एक नुसती वर बसलेली. ही साध्या धुण्याने जाते. दुसरी रंगाला चिकटलेली किंवा त्यात रुतलेली. ही धुऊनही उरते. मोटार स्वच्छ धुऊन वाळविल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवावी आणि बोटे टपावरून अलगद फिरवावीत. पिशवीमुळे त्वचेचे घर्षण कमी होते आणि उघड्या बोटांना न जाणवणारा खरखरीतपणा स्पष्ट जाणवू लागतो. काचेसारखा गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग रव्यासारखा कणीदार लागला, तर घाण रुतलेली आहे असे समजावे. मात्र ही परीक्षा धुतलेल्या मोटारीवरच करावी. धुळीवर हात फिरविणे म्हणजे पुन्हा तेच घासणे झाले.

रुतलेली ही घाण कोठून येते याचा मलिहाबाद हा जणू एक वस्तुपाठच आहे. पहिला वाटा झाडांचा. चिकटा आणि काजळी यांच्या जोडीला तोडीच्या दिवसांत आंब्याचा चीक असतो. देठ मोडताच पिचकारीसारखा उडणारा हा चीक आम्लधर्मी आणि तेलकट असतो. फळाच्या सालीवर तो ओघळला तर साल भाजल्यासारखी काळी पडते, म्हणून जाणते बागवान थोडा देठ ठेवूनच आंबा उतरवितात. याचा तेलकट भाग पाण्याला दाद देत नाही. झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांची विष्ठाही याच वाट्यात धरावयास हवी. उन्हात लेप किंचित मऊ होऊन प्रसरण पावतो आणि थंडाव्यात आकसताना वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत आकाराला बिलगतो. त्यामुळे विष्ठा निघून गेल्यावरही तिचा ठसा मागे राहतो.

दुसरा वाटा धुराचा. लखनौच्या परिसरात वीटभट्ट्या पुष्कळ. त्यांच्या धुरातील गंधकाच्या आणि इतर वायूंमुळे आंब्याचे खालचे टोक काळे पडून फळ वाया जाते, आणि दशहरी ही जात या विकाराला विशेष लवकर बळी पडते. जो धूर फळाचे टोक जाळतो, त्याची काजळी आणि राख मोटारीवरही बसते. दंवात भिजली की तिच्यातील आम्ल लेपाशी आपले काम सुरू करते.

तिसरा वाटा लोखंडाचा, आणि तो सर्वांत कपटी असतो. लखनौहून हरदोईकडे जाणारा लोहमार्ग मलिहाबादवरून जातो. गाडीची चाके रुळांवर घासतात, ब्रेक चाकांना घासतात आणि त्या घर्षणातून लोखंडाचा अतिसूक्ष्म कीस हवेत उडतो. मोटारींच्या स्वतःच्या ब्रेकमधूनही तसाच कीस निघतो. हे तापलेले, धारदार कण रंगावर पडून चिकटतात. मग ओल लागली की गंजतात, गंजताना फुगतात आणि लेपात अधिक खोल जातात. पांढऱ्या मोटारीवर अंगावर पुरळ यावी तसे तांबूस ठिपके दिसतात, ते बहुधा हेच. मुंबईत लोकलच्या मार्गालगत मोटार ठेवणाऱ्यांना हे ठिपके चांगले परिचयाचे असतील. पत्राच गंजू लागला या भीतीने कित्येक जण ते नखाने किंवा तारेच्या काथ्याने खरवडतात आणि जो गंज पत्र्यापर्यंत पोहोचलेला नव्हता, त्याला वाट मोकळी करून देतात.

असे तीन प्रकारचे शत्रू असताना उपाय एकच असून कसे चालेल? साखरेला पाणी हवे, तेलाला तेल विरघळविणारे द्रव्य हवे, लोखंडाला लोखंडाशी संयोग पावणारे रसायन हवे. आधी विरघळवावे, मग सैल करावे, मग उचलावे, आणि घासण्याची पाळी आलीच तर ती सर्वांत शेवटी आणावी, असा या विद्येचा क्रम आहे. आमराईत काम करणाऱ्यांना हे तत्त्व नवे वाटू नये. पानांवरची काजळी पुसून काढणे अशक्य असते. एकेक पान कोण पुसणार, आणि पुसले तर ते फाटणार नाही कशावरून? म्हणून बागायतशास्त्रात एक सुंदर उपाय सांगितला आहे. मैद्याची किंवा पिठाची पातळ खळ शिजवून झाडावर फवारावयाची. उन्हात खळ वाळते, तिचे पापुद्रे सुटतात आणि सुटताना काजळीला सोबत घेऊन गळून पडतात. पानाला कोणी हातही लावलेला नसतो. खळ मोटारीवर वापरावयाची नसते. परंतु घाणीला रगडण्याऐवजी तिला दुसऱ्या कशाला तरी चिकटवून उचलावे, ही युक्ती मोटारीलाही तंतोतंत लागू पडते.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करावा. तापलेल्या पत्र्यावर साबण आणि रसायने वाळून स्वतःच डाग पाडतात. प्रथम नुसत्या पाण्याच्या धारेने सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. चिकट्याच्या आणि विष्ठेच्या जागी कोमट पाण्यात भिजविलेले मऊ फडके काही मिनिटे ठेवून द्यावे. साखर विरघळते, वाळलेला थर फुगतो आणि पुढे नुसत्या पाण्याने निघून जातो. त्यानंतर मोटारीसाठी बनविलेला सौम्य शाम्पू वापरून वरून खाली धुवावे. बादल्या दोन असाव्यात. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. फडके दरवेळी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवावे, म्हणजे एका जागची रेती दुसऱ्या जागी फिरत नाही. एवढी एकच सवय लागली तरी रंगाचे आयुष्य पुष्कळ वाढते.

धुतल्यावर उरलेल्या चिकाच्या डागांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेला बोळा थोडा वेळ टेकवावा आणि अलगद उचलावा. रस्त्याच्या डांबराचे थेंब चाकांच्या वरच्या बाजूला असतात. त्यांच्यासाठी डांबर विरघळविणारी द्रव्ये बाजारात मिळतात. पूर्वी यासाठी रॉकेलचा बोळा वापरीत. त्याने डांबर सुटते खरे, पण मागे तेलकट थर उरतो. तो शाम्पूने धुतलाच पाहिजे. पेट्रोलच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. त्यात आगीचे भय आहे.

लोखंडासाठी जे द्रव वापरतात त्यातील मुख्य घटक थायोग्लायकोलेट या वर्गातला असतो. केस कुरळे करण्याच्या द्रवातही याच वर्गातील द्रव्य असते आणि त्याचा उग्र दर्प ज्याने एकदा घेतला तो सहसा विसरत नाही. हा द्रव ओल्या, गार रंगावर फवारला की काही मिनिटांत जेथे जेथे लोखंडाचे कण असतील तेथे तेथे जांभळे ओघळ दिसू लागतात. लोखंडाशी त्याचा संयोग होऊन पाण्यात विरघळणारे रंगीत संयुग तयार झाल्याची ती खूण होय. तो वाळण्यापूर्वीच भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. हातांत रबरी मोजे असावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे. येथवर रंगाला घासण्याचा प्रसंग आलेला नाही आणि पुष्कळशी घाण मात्र निघून गेलेली आहे.

एवढे होऊनही पिशवीतल्या बोटांना खरखर लागलीच, तर क्लेच्या वडीकडे वळावे. नावात माती असली तरी ही कुंभाराची माती नव्हे. पॉलिब्यूटीनसारख्या लवचीक द्रव्यात अतिसूक्ष्म घर्षक पूड मळून केलेला तो कणकेसारखा गोळा असतो. जपानी संशोधक तदाओ कोदाते यांच्या नावे १९९५ साली याचे अमेरिकेत पेटंट नोंदले गेले, आणि त्या पेटंटात या वस्तूला दिलेल्या नावाचा अर्थच मुळी ‘लवचीक शाणदगड’ असा होतो. हे नाव वापरणाऱ्याने सतत ध्यानात ठेवावे. क्ले हा शेवटी शाणदगडच. काट्याने काटा काढावयाचा असतो, आणि काटा काढणाऱ्याचा हात हलका हवा.

वडीचा एक तुकडा तळहातावर चपटा करावा. ज्या जागी काम करावयाचे तेथे पातळ साबणपाणी किंवा त्यासाठीचा निसरडा द्रव मुबलक फवारावा आणि एका वेळी दोन फूट लांबरुंद एवढाच भाग घ्यावा. मग वडी सरळ रेषेत मागेपुढे सरकवावी, दाब जवळजवळ देऊच नये. द्रवाच्या थरावर ती तरंगते. जो कण रंगाच्या पातळीवर डोके काढून असतो तो तिच्यात अडकतो, उपटला जातो आणि तिच्यातच बुडून जातो. आरंभी ती अडखळते, किंचित आवाजही करते. कण निघाले की निःशब्द घसरू लागते. तीच काम झाल्याची खूण. वडी वारंवार दुमडून तिची स्वच्छ बाजू पुढे आणावी. आणि ती जमिनीवर पडली तर, कितीही महाग असो, टाकून द्यावी. तिच्यात रुतलेला रेतीचा एक कण साऱ्या टपावर रेघोट्या ओढावयास पुरेसा असतो. कोरड्या रंगावर क्ले फिरविणे किंवा ती वर्षातून एकदोनदा वापरण्याऐवजी दर आठवड्याला फिरविणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

पुष्कळ मोटारींच्या काळ्या बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. वास्तविक ते चरे गोल नसतात. चरे सर्व दिशांना पडलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, आणि डोळ्याला वर्तुळांचा भास होतो. हे चरे, तसेच विष्ठेने व आम्लाने पडलेले खोल ठसे, क्लेने जात नाहीत. त्यांवर उपाय पॉलिशचा. परंतु पॉलिश चरा भरून काढीत नाही, चऱ्याच्या भोवतालचा लेप त्याच्या तळापर्यंत झिजवून पृष्ठभाग सपाट करते. दरवेळी लेपाचे काही मायक्रॉन खर्ची पडतात. ४०-५० मायक्रॉनच्या शिलकीतून अशी उचल किती वेळा करता येईल याचा हिशेब कोणालाही मांडता यावा. शिल्लक संपली की ऊन थेट रंगाला भिडते, रंग पांढुरका पडून पापुद्रे सुटतात, आणि अखेर पाणी पत्र्यापर्यंत पोहोचते. म्हणून हलका ठसा राहिला तर राहू द्यावा. निर्दोष चमकेच्या हव्यासापायी लेप संपविण्यात शहाणपण नाही.

क्ले फिरवून झालेला रंग अगदी उघडा असतो. त्याला मेणाचा किंवा तत्सम संरक्षक लेपाचा हात द्यावा. त्यामुळे पुढची घाण लेपाऐवजी मेणावर बसते आणि धुताना सहज सुटते. नव्याने रंगविलेल्या भागाला मात्र काही आठवडे श्वास घेऊ द्यावा लागतो. तेथे मेण कधी लावावयाचे हे रंगकाम करणाऱ्यालाच विचारावे.

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल की हे चैनीच्या मोटारींचे लाड आहेत. वस्तुस्थिती वेगळी आहे. वर्षांच्या बचतीतून घेतलेल्या, हप्त्याहप्त्याने फेडलेल्या मोटारीला या काळजीची गरज सर्वांत अधिक, कारण तिला पुन्हा रंग देणे परवडणारे नसते. शहरोशहरी पहाटे चाळीचाळींतून, इमारतींखाली मोटारी पुसल्या जातात. एकच बादली आणि एकच फडके दहाबारा मोटारींवरून फिरते. पुसणारा प्रामाणिकपणे राबत असतो; आज धूळ दिसू नये अशीच मालकाची अपेक्षा असते आणि तो ती पुरी करतो. त्या रोजच्या पुसण्याने चार वर्षांत होणारी झीज मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही. त्या माणसाला दुसरी बादली, दोन स्वच्छ मऊ फडकी आणि ‘पाण्याशिवाय हात लावू नका’ एवढी एक सूचना दिली, तर बाजारातल्या कोणत्याही महागड्या बाटलीहून अधिक लाभ होईल.

मलिहाबादची सावली सोडून मोटार उन्हात ठेवा, असे कोणी सांगणार नाही. मोहोराच्या दिवसांत एखादी सुती खोळ जवळ असावी, आणि तीही स्वच्छ रंगावरच घालावी. ती नसेल तर परतीच्या वाटेवर काचेपुरते पाणी मारून घ्यावे, फडके डिकीतच राहू द्यावे आणि घरी पोहोचल्यावर, चिकट्यावर काजळी धरण्यापूर्वी, मोटार भरपूर पाण्याने धुवावी. आंबेवाला पिकलेला दशहरी ज्या हाताने उचलतो, तोच हात मोटारीच्या रंगालाही हवा.